शुक्रवार पुरेसा नाही

धाकटी जाऊन दोन महिने होत आले होते, तेव्हा तिच्या ऑफिसमधल्या साहेबांचा फोन आला. मी उल्हासनगरला छापखान्यात होते. समोर प्रुफांचा गठ्ठा, हातात लाल पेन. त्यांनी आधी माझी तब्येत विचारली, मग म्हणाले, "ताई, एक छोटंसं काम होतं. दोन पानांचा मराठी मजकूर आहे, फॅक्टरीच्या नोटीस बोर्डावर लावायचाय. आमच्याकडे कुणाचं मराठी धड नाही. जरा शुद्धलेखन बघून द्याल का?"

मी हो म्हटलं. बहिणीच्या ऑफिसचं काम होतं.

छापखान्याच्या सिंधी मालकांनी साहेबांनी पाठवलेली दोन पानं छापून माझ्या टेबलावर ठेवली. मी सवयीने वाचायला लागले. तीस वर्षं मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाचे डोळे आधी अक्षरं बघतात, अर्थ मागून येतो. तिसऱ्या परिच्छेदात 'दिवंगत' या शब्दातली वेलांटी चुकली होती. ती मी दुरुस्त केली. पुढे एक स्वल्पविराम घातला. आणि मग मला कळलं की मी काय वाचते आहे.

तिथे असं लिहिलं होतं: 'सदर घटना प्रणालीतील एका चुकीच्या अटीमुळे घडली. ही अट प्रणाली तयार करणाऱ्या दिवंगत कर्मचारी यांनी चाचणीसाठी लिहिली होती व ती काढून टाकण्याचे त्यांच्याकडून राहून गेले.'

दिवंगत कर्मचारी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्यावरचा ठपका मी माझ्या हाताने, लाल पेनाने, शुद्ध करत होते.

मला राग लवकर येत नाही. आला की तो दाखवायचा कसा हेही मला नीट माहीत नाही. मी पेन खाली ठेवलं आणि नुसती बसून राहिले. मालकांनी काचेतून बघितलं आणि चहा पाठवला. थोड्या वेळाने स्वतः येऊन म्हणाले, "दीदी, गलती बहुत है क्या उसमें?"

मी म्हटलं, "हां साईं. बहुत है."

घटना कोणती, ती मला ऐकून माहीत होती. आनंदनगर एमआयडीसीत एक छोटा रसायनांचा कारखाना आहे. तिथे टाकीतून आम्लाची वाफ सुटली, तर हवेतला सेन्सर ती ओळखणार आणि भोंगा वाजणार, अशी सोय धाकटीच्या ऑफिसने करून दिली होती. सगळा प्रोग्राम तिचा. ती गेल्यानंतर अकराव्या दिवशी, सोमवारी, टाकीचा एक सांधा सुटला. वाफ शेडमध्ये पसरली आणि भोंगा वाजलाच नाही. भोंगा वाजत नाही म्हणजे काही नाही, असं समजून चौघं जण ड्रम भरत राहिले. चौघांचे डोळे भाजले. पॅकिंगमधल्या एका बाईला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ती घरी आली, कामावरही आली. पण कामगारांनी ठणकावून सांगितलं की काय झालं ते मराठीत लिहून बोर्डावर लावा. तो हा मजकूर.

बदलापूरला आम्ही दोघीच राहायचो. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिची वेणी मीच घालायची. तिला कॉम्प्युटर कळायचा, मला पुस्तकं. पण जेवताना आम्ही एकमेकींना आपापलं काम सांगायचो. एकदा ती म्हणाली होती, "ताई, मी जी भाषा वापरते ना, तिच्यात एकदा एखाद्या गोष्टीला किंमत दिली की ती बदलत नाही. बदल हवा असेल तर नवीन गोष्ट बनवायची. जुनी तशीच राहते."

"म्हणजे छापलेल्या पुस्तकासारखं," मी म्हटलं.

ती हसली. "ताई, तुला पगार चालू करायला पाहिजे."

हे सगळं आठवत मी त्या दिवशी घरी आले आणि तिचं कपाट उघडलं. दोन महिने उघडलं नव्हतं. कपड्यांना हात लावला नाही. वह्या खालच्या कप्प्यात होत्या. कारखान्याच्या कामाची वही निळ्या पुठ्ठ्याची, कारण पुठ्ठा मीच छापखान्यातून आणून दिला होता. शेवटच्या लिहिलेल्या पानावर आकृत्या, बाण, इंग्रजी ओळी, आणि तळाला मराठीत, दोनदा अधोरेखित केलेलं एकच वाक्य: 'शुक्रवार पुरेसा नाही.'

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. दवाखान्यात, दुपारी, तिला ऑक्सिजन लावलेला असताना. तिने नळी बाजूला सारून मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ताई, ऑफिसमध्ये सांग. शुक्रवार पुरेसा नाही." मी म्हटलं, "आज मंगळवार आहे गं. तू बोलू नकोस." तिने डोळे मिटले आणि परत तेच म्हणाली. मला वाटलं, तापात बरळते आहे. मी तिच्या कपाळावरचा रुमाल ओला करून आणला. कुणाला काही सांगितलं नाही.

वहीतलं ते वाक्य वाचून मी कपाटासमोर जमिनीवरच बसले. ते बरळणं नव्हतं. तापाच्या आधी, धड अवस्थेत, पेनाने लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथला तिच्या मैत्रिणीकडे गेले. दोघी एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या. मला दारात बघून तिने डोळ्यांना पदर लावला, पण मी वही पुढे केली तसा तिचा चेहरा बदलला.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं? मला काहीच कळत नाहीये. शुक्रवार म्हणजे काय?"

शुक्रवार म्हणजे काय हे मात्र मला अर्धं ठाऊक होतं. आमच्या पट्ट्यात शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते आणि लाइट जाते. कारखाने बंद, मशिनं बंद. शनिवारी सकाळी सगळं पुन्हा सुरू होतं. उरलेलं अर्धं तिने सांगितलं. त्यांच्या ऑफिसात एक पद्धत पडली होती. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर कुठलीही सेटिंग बदलायची असली, की गुरुवारी संध्याकाळी सेटिंगच्या फाइलमध्ये बदल करून ठेवायचा आणि घरी जायचं. शुक्रवारी लाइट जाणार, शनिवारी कॉम्प्युटर आपोआप सुरू होणार आणि सुरू होताना नवीन सेटिंग वाचणार. कुणी मुद्दाम जाऊन काही करायला नको. "शुक्रवारावर टाक," असंच म्हणायचे सगळे. वर्षानुवर्षं हे चाललं आणि कधी अडलं नाही. या कारखान्याची चाचणीही अशीच, गुरुवारी फाइल बदलून, बंद केली होती.

"मग या वेळी का अडलं?"

मग तिने लॅपटॉप उघडला. "ताई, साहेबांना सांगू नका मी दाखवलं म्हणून."

"सांगीन," मी म्हटलं. "मला खोटं बोलता येत नाही. दाखवायचं नसेल तर नको दाखवूस."

तिने एक उसासा टाकला. "तुम्ही दोघी बहिणी ना... एकसारख्या डोक्याला ताप." आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

ती अट मी पाहिली. जेमतेम पाच ओळींची होती. 'चाचणी चालू असेल तर नुसती नोंद करा. नसेल तर भोंगा वाजवा.' कारखान्यात सेन्सर बसवताना महिनाभर चाचणी चालते, त्या काळात उठसूट भोंगा वाजू नये म्हणून. अटीत चूक कुठे आहे ते मला दिसेना.

"चूक नाहीच्चे," मैत्रीण म्हणाली. "हे 'चाचणी' आहे ना, हे वर एकदा ठरवून ठेवलंय. कॉन्स्टंट. पण ते कधी ठरतं, ते महत्त्वाचं. प्रोग्राम चालतो तेव्हा नाही. प्रोग्राम बिल्ड करतो तेव्हा."

"बिल्ड म्हणजे?"

"आपण लिहिलेल्यापासून मशीनला चालवता येईल असं तयार करायचं. त्या वेळी ते सेटिंगची फाइल एकदाच उघडतं, 'चाचणी'ची किंमत बघतं आणि जिथे जिथे हे नाव असेल तिथे ती किंमत चिकटवून टाकतं. तेव्हा किंमत 'हो' होती. म्हणजे अट काय उरली? 'हो असेल तर नोंद करा.' आता हे नेहमीच खरं. मग मशीन म्हणतं, दुसरी बाजू मी ठेवू तरी कशाला? आणि भोंग्याची ओळ काढून फेकून देतं."

"फेकून देतं?"

"फेकूनच देतं ताई. इथे लिहिलेली दिसतेय ना तुम्हाला? कारखान्यात जे चालत होतं, त्याच्यात ही ओळ नव्हतीच. नंतर सेटिंगमध्ये तुम्ही काही लिहा. शंभर शुक्रवार जाऊ द्या. वाजवायचं काय, ते तिथे उरलंच नव्हतं."

मला हे एका क्षणात समजलं. छापखान्यात प्लेट बनते. प्लेट बनल्यावर मी हस्तलिखितात कितीही दुरुस्त्या केल्या, लाल शाईची बाटली रिकामी केली, तरी मशिनीतून निघणाऱ्या छापील फर्म्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तरी तीच प्लेट, तेच पान. नवीन पान हवं तर नवीन प्लेट बनवावी लागते. हे आमच्याकडे झाडूवालीलासुद्धा माहीत आहे.

"पण मग तिने हे असं केलंच का?" मी विचारलं. "साधी ठेवायची. सेटिंग बदलली की बदलणारी."

"साधीच होती आधी. चाचणीच्या पहिल्या आठवड्यात भोंगा वाजतो का ते बघायला तिने एक दिवस चाचणी बंद ठेवली, तर तिथल्या सुपरवायझरने काय केलं माहितीये? भोंग्याचा त्रास होतो म्हणून स्वतःच फाइल उघडून चाचणी चालू करून ठेवली. तिला कळल्यावर ती इतकी चिडली... म्हणाली, भोंगा माणसाच्या मर्जीवर ठेवायचाच नाही. एकदा खरा बिल्ड झाला की तो बंद करता येणार नाही, कुणालाच. मलासुद्धा नाही. म्हणून कॉन्स्टंट."

म्हणजे ती अट राहून गेलेली नव्हती. ती मुद्दाम, विचार करून, माणसांची खोड ओळखून तशी लिहिलेली होती. फक्त चाचणी संपल्यावर एकदा नव्याने बिल्ड करायला हवं होतं आणि तोवर ती दवाखान्यात पोचली होती.

"हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं?"

मैत्रिणीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मेल उघडून दाखवली. दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी धाकटीने साहेबांना आणि हिला लिहिलेली. वर कारखान्याच्या बाकी कामांची यादी, आणि शेवटी: चाचणी बंद करताना नुसती सेटिंग बदलू नका, नव्याने बिल्ड करा, शुक्रवार पुरेसा नाही.

"मी वरचं वरचं वाचलं ताई," ती म्हणाली. "लांब मेल होती."

नऊ ओळींची होती. मी मोजल्या.

मग तिने अजून एक गोष्ट दाखवली, ती मला आजही सहन होत नाही. बिल्ड करताना मशीन स्वतःच इशारे देतं. पिवळ्या अक्षरांत सांगतं की अमुक ओळीवरची ही बाजू कधीच चालणार नाही. म्हणजे ज्या निर्जीव वस्तूवर सगळे खापर फोडतात, तिने सांगितलं होतं. धाकटीच्या बिल्डची नोंद तिथे होती, आणि त्यात ते वाक्य होतं: भोंग्याची बाजू कधीच चालणार नाही. घटनेनंतर कुणीही जाऊन ते वाचू शकलं असतं. कुणी वाचलं नाही. "इशारे पन्नास असतात ताई, कोण वाचतं," असं ती म्हणाली. मी आयुष्यभर वाचण्याची मजुरी केली आहे. 'कोण वाचतं' हे मी हजार वेळा ऐकलं आहे, लेखकांकडून, प्रकाशकांकडून. त्याने कधी कुणाचे डोळे भाजले नव्हते.

सोमवारी मी साहेबांच्या ऑफिसात गेले. मैत्रीण आपल्या जागेवर मान खाली घालून बसली होती. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी दोन पानं त्यांच्यासमोर ठेवली. तिसऱ्या परिच्छेदावर मी आडवी लाल रेघ मारली होती.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "अट चुकीची नव्हती. बिल्ड केलं नाही, म्हणून झालं. तिने लिहून कळवलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे आणि मग मैत्रिणीच्या पाठीकडे बघितलं. चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, असं बघा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "ती आता नाहीये. तिला मेमो मिळणार नाही, तिची नोकरी जाणार नाही. इथे सहा जणांची घरं या कारखान्यावर चालतात. कुणाचं तरी नाव लागणार. मग ज्याला त्रास होणार नाही, त्याचं लागलं तर बिघडलं कुठे? नाव तर लिहिलेलंही नाही आम्ही. नुसतं दिवंगत कर्मचारी. तिला काय फरक पडतो?"

माझ्या कानांत काहीतरी गरम झालं. तिच्या दहाव्याला हेच गृहस्थ हार घेऊन आले होते आणि म्हणाले होते, आमच्या ऑफिसचा कणा गेला. कण्याला आता काही फरक पडत नव्हता. जिवंत माणसांची सोय व्हावी म्हणून मेलेल्या माणसाची खुंटी करून तिच्यावर कोट टांगावा, तसं ते बोलत होते, आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "मग आता भोंगा वाजतो का?"

"वाजतो की. भिंतीवरचं बटण दाबून बघितलं आम्ही त्याच दिवशी."

"बटण दाबून नाही. सेन्सरने वाजतो का?"

"सेटिंग परत एकदा नीट करून ठेवलीये. मधे चांगले पाच-सहा शुक्रवार गेले. आणि ताई, एक सांगा. कारखान्याच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'चाचणी बंद' असं येतं. तेव्हाही येत होतं, आताही येतंय. मी ते बघूनच पुढे गेलो. माणसाने अजून काय बघायचं? ती स्क्रीन कोणी बनवली? तिनेच ना?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती वळली होती. तिने हळूच मान हलवली. हो.

ते तिने मला सांगितलं नव्हतं. स्क्रीनवरची ओळ दर वेळी फाइल उघडून ताजी सेटिंग वाचत होती. अट मात्र बिल्डच्या वेळी चिकटलेल्या किमतीवर चालत होती. दोन्ही धाकटीनेच लिहिलेल्या. पाटीवर एक आणि आत दुसरं. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, आणि आलं नव्हतं.

"चला," मी म्हटलं. "कारखान्यात जाऊन बघू या."

का निघाले मी, ते मला नेमकं सांगता येणार नाही. तिथे जाऊन मी काय करणार होते? पण साहेबही उठले, आणि मैत्रीण लॅपटॉप घेऊन मागोमाग आली. बहुधा सहा शुक्रवारांवर त्यांचा भरवसा होता.

कारखान्यातले सुरक्षेचं बघणारे गृहस्थ बदलापूर गावातले, साठीकडे झुकलेले. घरची शेती अजून करतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाटी येक सांगतं न भोंगा दुसराच? चला, बगू तं खरं."

सेन्सर तपासायची एक छोटी बाटली असते, तिच्यात थोडा गॅस भरलेला असतो. त्यांनी तिची नळी सेन्सरच्या तोंडाला लावली. स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चाचणी बंद'. आम्ही चौघं छताखालच्या भोंग्याकडे बघत उभे होतो.

भोंगा वाजला नाही.

त्या शांततेचा मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. पलीकडच्या शेडमध्ये माणसं काम करत होती. सहा आठवडे ती त्या मुक्या भोंग्याखाली काम करत होती आणि मी मनात म्हणत होते, बघा, माझी बहीण खरी ठरली.

त्या गृहस्थांनी नळी काढली. साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, हे माझी मान्सं हायेत. वाजतं म्हनून तुमी मला लिवून दिलंव." त्यांचा आवाज चढला नव्हता. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

मैत्रिणीने तिथेच बसून नव्याने बिल्ड केलं. पिवळ्या ओळी सरसर वर जायला लागल्या. "थांब," मी म्हटलं. "वाच." ती वाचायला लागली, एकेक, मोठ्याने. बहुतेक किरकोळ होत्या. बाराव्या की तेराव्या ओळीवर ती अडखळली. "ही बाजू कधीच चालणार नाही..." आणि ओळीचा क्रमांक बघून म्हणाली, "ताई, आता हे चाचणीच्या बाजूबद्दल सांगतंय. म्हणजे आता नुसती नोंद करून गप्प बसणारी बाजूच उरली नाही. आता भोंगा कुणाला बंद करता येणार नाही."

धाकटीला हेच हवं होतं.

पुन्हा नळी लावली. आकडा लाल होतो न होतो तोच भोंगा असा वाजला की माझ्या हातातली वही खाली पडली. पलीकडून माणसं पळत बाहेर आली. एक बाई ओढणीने नाक-तोंड झाकून सगळ्यांच्या पुढे होती. ट्रायल आहे म्हणून कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे सांगून तरी वाजवा ना! इथे जीव गेला माझा अर्धा!" कुणीतरी म्हणालं, "तेव्हा वाजला नाही म्हणून भांडत होतीस, आता वाजला म्हणून भांड." ती हसली नाही. ती तीच होती, चार दिवस दवाखान्यात असलेली. ती बराच वेळ भोंग्याकडे बघत उभी राहिली.

मजकूर आम्ही तिथेच, केबिनमध्ये बसून, नव्याने लिहिला. मी लिहीत होते, साहेब बघत होते. पहिलं वाक्य: चाचणी संपल्यावर प्रणाली नव्याने तयार करावी, अशी लेखी सूचना मिळूनही ती ऑफिसने नीट वाचली नाही व अमलात आणली नाही. साहेबांनी 'ऑफिसने' या शब्दावर बोट ठेवलं, सुरक्षावाल्यांकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं. दुसरं वाक्य: घटनेनंतर भोंगा फक्त बटणाने तपासला गेला, सेन्सरने नाही. तिसरं मी लिहायला घेतलं तेव्हा साहेबच म्हणाले, "राहू द्या ताई ते. स्क्रीनचं कशाला? तेवढं आम्ही गुपचूप दुरुस्त करू. तिच्यावर नको आता काही."

ते मनापासून म्हणत होते, आणि मला पुन्हा तेवढाच राग आला. आधी सोय म्हणून तिच्यावर घातलं, आता सोय म्हणून काढायला निघाले. दोन्ही वेळा ती कशी होती याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मी लिहिलं: चाचणी चालू की बंद हे दाखवणारी स्क्रीनवरील ओळ मूळ प्रणालीतच चुकीच्या पद्धतीने लिहिलेली होती, ती आता दुरुस्त केली आहे. धाकटीने वाचलं असतं तर ती म्हणाली असती, ताई, 'मूळ प्रणालीत' काय, सरळ 'मी' लिही ना.

तो कागद पुढच्या आठवड्यात बोर्डावर लागला. मी शेअर रिक्षा करून मुद्दाम बघायला गेले. टंकलेखनाची एकही चूक नव्हती. लोक जेवायच्या सुट्टीत उभे राहून वाचत होते. ती पॅकिंगमधली बाई बोटाने एकेक शब्द धरत वाचत होती आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत येऊन मग डब्याकडे वळली.

चौथं वाक्य त्या कागदावर नाही. सूचना आणखी एका माणसाला तोंडी मिळाली होती, मंगळवारी दुपारी, नळी बाजूला सारून, दोनदा. त्या माणसाने ती ऐकून घेतली, आज कोणता वार आहे ते सांगितलं आणि रुमाल ओला करायला निघून गेला. मेल लांब होती म्हणून न वाचणाऱ्यांवर मी इतके दिवस संतापले. मला मिळालेली सूचना तीन शब्दांची होती.